मुस्तिक्कापीराक्का

मुस्तिक्कापीराक्का हा फिनलंडमधील घरोघरी केला जाणारा, ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ आहे. मैदा, लोणी, साखर व अंडे यांची जाडसर पारी, तीवर मुस्तिक्का या रानफळांचा थर आणि बहुधा त्यावर आंबट सायीचे मिश्रण अशी त्याची रचना असते. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक पायप्रमाणे याला वरचे झाकण नसते. फळे उघडीच राहतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, तो ताज्या फळांचा केला जातो आणि उरलेले वर्षभर गोठवून ठेवलेल्या फळांचा. पाहुण्यांसमोर कॉफीबरोबर ठेवण्याचा हा नेहमीचा पदार्थ असून कॉफीच्या दरडोई वापरात फिनलंड जगातील अग्रणी देशांपैकी आहे.

== नाव ==
फिनिश भाषेत 'मुस्ता' म्हणजे काळा. त्यावरून 'मुस्तिक्का' हे फळाचे नाव झाले. 'पीराक्का' हा शब्द रशियन 'पिरोग' या शब्दाशी संबंधित आहे. आत किंवा वर सारण असलेल्या गोड-तिखट अशा सर्व भाजलेल्या पदार्थांना तो लावला जातो. राईच्या पातळ पारीत तांदळाची खीर भरून केलेला करेलियन पीराक्का हाही त्याच कुळातला. म्हणून पीराक्काचे भाषांतर केवळ 'पाय' असे करणे अपुरे ठरते.

== फळ ==
मराठीत या पदार्थाला सहसा 'फिनिश ब्लूबेरी पाय' म्हटले जाते. हे नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. बाजारात डबीतून मिळणारी टपोरी ब्लूबेरी ही मूळ उत्तर अमेरिकेतील व्हॅक्सिनियम कोरिम्बोसम या झुडपाची लागवड केलेली जात होय. तिचे झुडूप माणसाच्या उंचीचे होते, फळे घोसांनी लागतात आणि गर फिकट हिरवट असतो. फिनलंडच्या जंगलातील मुस्तिक्का म्हणजे व्हॅक्सिनियम मिर्टिलस, इंग्रजीतील बिलबेरी. तिची झुडपे गुडघ्याइतकीही उंच नसतात, फळे एकेकटी लागतात आणि गर सालीइतकाच गडद जांभळा असतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगते तशी या फळाने जीभ, दात आणि बोटेही रंगतात. लागवडीच्या फळात रंग मुख्यतः सालीत असतो. रानफळात तो गरातही असतो. पाय कापल्यावर दिसणारा गर्द जांभळा रस हा या फरकाचाच परिणाम आहे. चवीतही रानफळ अधिक आंबट व अधिक वासाचे असते. फिनिश लोक लागवडीच्या फळाला 'पेन्सासमुस्तिक्का', म्हणजे झुडपी मुस्तिक्का, असे वेगळे नाव देतात.

फिनलंडच्या भूभागापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित आहे आणि मुस्तिक्का तेथील सूचिपर्णी वनांच्या तळाशी गालिच्यासारखी पसरलेली असते. फुलोरा वसंताच्या अखेरीस येतो. त्या दिवसांत कडाक्याचे दव गोठले किंवा भुंगे व मधमाश्या फिरकल्या नाहीत, तर त्या वर्षी फळ कमी धरते. त्यामुळे एका वर्षी पाट्या भरून फळ मिळते, तर दुसऱ्या वर्षी तेच रान रिकामे राहते.

== कृती ==
फिनिश पाककृतींत मापे बहुधा वजनात नव्हे, तर डेसिलिटरच्या मापाने दिलेली असतात. पुढील प्रमाण सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी आहे. घरोघरी त्यात थोडाफार फरक आढळतो.

पारीसाठी १०० ग्रॅम मऊ लोणी, १ डेसिलिटर (सुमारे ८५ ग्रॅम) साखर, १ अंडे, २.५ डेसिलिटर (सुमारे १६० ग्रॅम) मैदा आणि १ चहाचा चमचा बेकिंग पावडर लागते. वरच्या थरासाठी ५ डेसिलिटर, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम मुस्तिक्का, २ डेसिलिटर आंबट साय, १ अंडे, अर्धा डेसिलिटर साखर आणि १ चहाचा चमचा व्हॅनिला साखर घेतात.

प्रथम लोणी व साखर हलके होईपर्यंत फेटतात, त्यात अंडे मिसळतात. मैदा व बेकिंग पावडर कोरडेच एकत्र करून त्यात घालतात आणि गोळा जमेल एवढेच हात फिरवतात. पीठ पोळीच्या कणकेसारखे मळून चालत नाही. मळल्याने मैद्यातील ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि पारी खुसखुशीत होण्याऐवजी चिवट होते. या पिठाला लाटणेही लागत नाही. बोटांना मैदा लावून ते लोणी लावलेल्या भांड्याच्या तळाशी व कडांवर थापतात. कड सारणापेक्षा बोटभर उंच ठेवली, तर रस बाहेर सांडत नाही.

त्यावर फळे पसरतात. गोठवलेली फळे असल्यास ती वितळू न देता तशीच घालतात, कारण वितळताना सुटणारा रस पारीत मुरतो आणि तळ ओला राहतो. या रसावर दोन जुने उपाय आहेत. एक, फळांना चमचाभर बटाट्याचे स्टार्च चोळणे. दुसरा, पारीवर पावाचा कोरडा चुरा भुरभुरणे. शेवटी आंबट साय, अंडे, साखर व व्हॅनिला एकत्र करून फळांवर ओततात. २०० अंश सेल्सियस तापलेल्या ओव्हनच्या खालच्या भागात ३० ते ३५ मिनिटे भाजल्यावर कडा सोनेरी होतात आणि मधला भाग हलवल्यास किंचित डुलतो. तो पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. ओव्हनबाहेर काढल्यावरही मिश्रण आपल्याच उष्णतेने बसत राहते. कापण्यापूर्वी अर्धा तास थांबणे आवश्यक मानले जाते. गरम तुकडा भांड्यातून अखंड निघत नाही.

वापरली जाणारी आंबट साय म्हणजे 'केर्माव्हीली', विरजलेल्या सायीचा दाट व सौम्य आंबट प्रकार. तिच्याऐवजी अनेक घरांत 'राहका' वापरतात. आपल्याकडील चक्का त्याच्या सर्वांत जवळचा. राहका किंवा चक्का वापरल्यास मिश्रण अधिक घट्ट होते, म्हणून त्यात थोडी साय किंवा दूध मिसळावे लागते. लागवडीची ब्लूबेरीच मिळत असेल, तर साखर कमी करून लिंबाचा रस घातल्याने चव मूळ पदार्थाच्या थोडी जवळ जाते. रंग मात्र तसा येत नाही. जायफळ, दालचिनी किंवा अधिक साखर घालून चव 'वाढवण्याचा' प्रयत्न अनेक परदेशी पाककृतींत दिसतो. मूळ पदार्थात फळाची आंबट चव दबू न देणे यालाच महत्त्व आहे.

पाय कोमट किंवा थंड खातात. सोबत व्हॅनिलाचे पातळ सॉस, व्हॅनिला आइसक्रीम किंवा नुसते थंड दूध असते.

== इतर प्रकार ==
वरील पारी ही 'मुरोताइकिना', म्हणजे ठिसूळ पिठाची. तितकाच रूढ दुसरा प्रकार यीस्टने फुगवलेल्या 'पुल्ला' पिठाचा आहे. त्यात दूध, लोणी व साखरेबरोबर भरड कुटलेली वेलची असते. हे पीठ ओव्हनच्या मोठ्या चौकोनी ताटात पसरून त्यावर फळे घालतात आणि चौकोनी वड्या कापतात. पाहुणे बरेच असतील तर हाच सोयीचा.

पूर्वेकडील साव्हो व करेलिया भागांत 'मुस्तिक्काकुक्को' करतात. राईच्या पिठाच्या पारीत फळे भरून ती बंद करतात, त्यामुळे आतला रस आतच शिजतो. मैदा व साखर सामान्य घरांत सहज मिळू लागण्यापूर्वी राई व जव हीच तेथील रोजची धान्ये होती, त्यामुळे राईचा हा प्रकार जुन्या वळणाच्या जवळचा वाटतो. आजही काही घरांत मैद्याच्या पारीत थोडे राईचे पीठ मिसळले जाते.

== फळांची वेचणी ==
हा पदार्थ घरगुती राहिला याचे मोठे कारण म्हणजे फळ विकत घ्यावे लागत नाही. फिनलंडमध्ये 'योकामिएहेनओइकेउदेत', म्हणजे सर्वांचे हक्क, या प्रथेनुसार कोणालाही दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलात पायी फिरून रानफळे व अळंबी वेचता येतात. मालकाची परवानगी लागत नाही आणि हा हक्क परदेशी नागरिकांनाही आहे. घराच्या अंगणात शिरणे, झाडांची नासधूस करणे किंवा उभ्या पिकातून जाणे मात्र वर्ज्य आहे. स्वतः वेचलेली रानफळे विकून मिळालेले उत्पन्न करमुक्त असते.

वेचण्यासाठी हाताने धरायचे 'पोइमुरी' नावाचे अवजार वापरतात. पेटीच्या तोंडाला फणीसारखे दात असतात. ते झुडपावरून ओढल्यावर फळे पेटीत पडतात आणि पाने, काड्या मागाहून निवडाव्या लागतात. बहुतेक कुटुंबे हंगामात आपापला साठा करून तो गोठवतात.

दुकानांत व प्रक्रिया उद्योगात जाणाऱ्या फळांची कथा वेगळी आहे. ती वेचायला स्थानिक हात कमी पडू लागल्यावर, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हजारो थाई शेतकरी हंगामापुरते येऊ लागले. कायद्याने ते कोणाचे नोकर नसून सर्वांचे हक्क वापरणारे स्वतंत्र वेचक मानले जात. प्रवास, निवास व गाडीच्या खर्चापायी अनेकांवर कर्ज झाले, आणि फळ कमी धरलेल्या वर्षी ते फेडणे अशक्य होई. पुढे फिनलंडमधील न्यायालयांत अशी प्रकरणे मानवी तस्करीचे खटले म्हणून चालली आणि काहींत शिक्षाही झाल्या. २०२१ मध्ये परदेशी वेचकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा लागू झाला. त्यानुसार कंपन्यांना वेचकांकडून भरतीसाठी शुल्क घेता येत नाही. त्यानंतरच्या काळात या वेचकांना कंपनीचे कर्मचारी म्हणून वेतनावर आणण्याचे धोरण स्वीकारण्यात आले.