‘मीही यातून गेलेय’ : स्तनाच्या कॅन्सरमधल्या आधारगटांचा इतिहास कसा वाचायचा?

संशोधनाला विषय मिळतो, पण प्रश्न मिळत नाही, ही आपल्यापैकी बहुतेकांची अडचण असते. ‘स्तनाचा कॅन्सर आणि आधारगट’ हा विषय झाला. त्यातून इतिहासाचा प्रश्न कसा काढायचा? आज हे एकच उदाहरण घेऊन सावकाश बघू.

समजा, एका बाईला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान होतं. डॉक्टर उपचार समजावतात, घरचे धीर देतात. तरीही तिला आणखी कोणीतरी हवं असतं. किमोथेरपीचे केस गेल्यावर पहिल्यांदा आरशात बघताना कसं वाटतं, हे जिला विचारता येईल अशी कोणी. ‘मीही यातून गेलेय’ असं म्हणू शकणारी. आज हे इतकं साहजिक वाटतं, की याला काही इतिहास असेल असं मनातच येत नाही. जे साहजिक वाटतं तिथेच इतिहासाच्या विद्यार्थ्यानं थांबायचं आणि विचारायचं : हे कधीपासून? आणि त्याआधी का नव्हतं?

आधी का नव्हतं?

आपल्या विषयाचा बराचसा छापील पुरावा अमेरिकेतला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिचं नाव रॅडिकल मास्टेक्टॉमी. यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळं एकत्र काढून टाकलं जायचं. पुढची साठ-सत्तर वर्षं हीच प्रमाण पद्धत होती. हात वर करणंसुद्धा नंतर अवघड व्हायचं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘एकाच टप्प्यात’ सगळं करण्याची रीत. बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढायचा. म्हणजे टेबलावर जाताना तिला माहीतच नसायचं. शुद्धीवर आल्यावर बँडेज चाचपून तिनं ओळखायचं.

याला आणखी एक पुरावा जोडा. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. कॅन्सरचं निदान पेशंटला न सांगण्याकडेच सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल होता. १९७९ च्या तशाच एका पाहणीत चित्र पूर्ण उलटं झालं. ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत एवढा बदल!

आता हे दोन पुरावे शेजारी ठेवून बघा. समदुःखी माणसं एकत्र यायची तर आधी आपलं दुःख काय आहे हे त्यांना कळायला हवं. निदानच सांगितलं जात नसेल तर आधारगट होणार कुठून? म्हणजे आधारगटाचा इतिहास हा ‘बायका एकमेकींना मदत करू लागल्या’ एवढाच नाही. ‘आजाराची माहिती कोणाच्या मालकीची’ याचाही तो इतिहास आहे. मिळाला ना प्रश्न?

चेंडू, दोरी आणि काही अटी

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाच्या बाईंवर अशीच शस्त्रक्रिया झाली. गाठ तपासायला म्हणून त्या गेल्या आणि स्तन गमावून जाग्या झाल्या. पुढे काय, हे सांगायला कोणी नव्हतं. हात कसा हलवायचा, ब्लाउजच्या आत काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, मुलांना काय सांगायचं? बऱ्या झाल्यावर त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या इतर बायकांना हॉस्पिटलात जाऊन भेटायला सुरुवात केली. ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम यातून उभा राहिला. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तो आपल्याकडे घेतला आणि तो देशभर पोचला. पुढे तो इतर देशांतही गेला.

भेटीला येणारी बाई एक छोटा संच घेऊन यायची. त्यात हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू आणि दोरी, स्तनाच्या जागी तात्पुरता घालायचा मऊ पॅड आणि एक माहितीपत्रिका. भेट देणारी स्वतः नीटनेटकी, हसतमुख, हात सहज वर करणारी. तिचं तिथे उभं असणं हाच संदेश : बघ, मी जिवंत आहे आणि बरी आहे.

पण अटीही होत्या. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय भेट नाही. उपचारांबद्दल बोलायचं नाही. म्हणजे ‘ही शस्त्रक्रिया खरंच गरजेची होती का?’ असं पेशंटनं विचारलं, तर उत्तर द्यायचं नाही.

इथे दोन सोपे निष्कर्ष आपली वाट बघत असतात. एक : लॅसर बाईंनी क्रांती केली. दोन : त्यांनी डॉक्टरांची सत्ता बळकट केली. दोन्ही अर्धवट आहेत. त्या काळात पेशंटनं पेशंटला हॉस्पिटलात जाऊन भेटणं हीच मोठी गोष्ट होती, आणि ती टिकवण्यासाठी अटी मान्य करणं ही किंमत होती. कोणतीही संस्था अभ्यासताना ‘तिनं काय केलं’ याच्या जोडीला ‘काय न करण्याचं कबूल केलं’ हेही शोधा. नियमावल्या कंटाळवाण्या वाटतात, पण बरंच काही त्यांच्यातच दडलेलं असतं.

सत्तरचं दशक : पॅड नको, उत्तर हवं

सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर मास्टेक्टॉमी झाली आणि त्यांनी ती जाहीर केली. कुजबुजीचा विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी पत्रकार रोझ कुशनर यांना आपल्या स्तनात गाठ सापडली. त्यांनी एका टप्प्यातल्या शस्त्रक्रियेला नकार दिला : आधी तपासणी करा, मला शुद्धीवर येऊ द्या, मग ठरवू. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यांनी बायकांना माहिती देणारं सल्ला केंद्रही काढलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवण्याची शिफारस झाली. त्या समितीत कुशनर होत्या.

आणि मग ऑड्री लॉर्ड. कृष्णवर्णीय, लेस्बियन कवयित्री. १९७८ मध्ये त्यांची मास्टेक्टॉमी झाली आणि १९८० मध्ये ‘द कॅन्सर जर्नल्स’ प्रसिद्ध झालं. रीच टू रिकव्हरीची एक बाई त्यांना भेटायला आली होती, तो प्रसंग त्यात आहे. ती बाई प्रेमळ होती, पण तिनं आणलेला पॅड फिकट गुलाबी होता, गोऱ्या कातडीसाठी केलेला. बोलणं चाललं होतं ते पूर्वीसारखं दिसण्याबद्दल, पुरुषांना आवडण्याबद्दल. लॉर्ड यांना प्रश्न पडला तो मरणाचा, कामाचा आणि आपल्यासारख्या बायका कुठे भेटतील याचा. पुढे सर्जनच्या दवाखान्यात त्या पॅड न घालता गेल्या. तेव्हा तिथल्या नर्सनं सुनावलं, की यानं इतरांचं मनोधैर्य खचतं. लॉर्ड यांचं म्हणणं असं, की सगळ्यांनी खोटे स्तन लावले तर या बायका एकमेकींना ओळखणार कशा?

या वाक्यावर थोडं थांबा. ‘पीअर’ म्हणजे कोण? एकच आजार असला म्हणून दोन बायका समान होतात का? वंश, वर्ग, जात, वय, लग्न झालंय की नाही, मुलं लहान आहेत की मोठी, यानं समदुःखाचा अर्थच बदलतो. थिसिसमध्ये ‘पीअर’ हा शब्द वापरायचा असेल तर पहिल्याच प्रकरणात त्याची व्याख्या करावी लागेल, आणि ती सोपी जाणार नाही.

किमोथेरपीनं काय बदललं?

हा धागा अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. शस्त्रक्रिया ही एका दिवसाची घटना. तिच्यासाठी हॉस्पिटलातली एक भेट काही अंशी पुरायची. पण १९७६ मध्ये मिलानच्या जानी बोनाडोना यांच्या गटानं सीएमएफ या तीन औषधांच्या किमोथेरपीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर ही औषधं दिली, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होत होतं. या अभ्यासात औषधांची १२ आवर्तनं होती. म्हणजे जवळजवळ एक वर्ष!

आता आजाराचं कॅलेंडरच बदललं. बाई घरी राहून उपचार घेणार. ठरलेल्या दिवशी जाऊन सुई घेणार, परत येऊन उलट्या, तोंड येणं, थकवा सोसणार, जरा बरं वाटेपर्यंत पुढची तारीख येणार. उलट्यांवरचं ऑन्डान्सेट्रॉनसारखं प्रभावी औषध अमेरिकेत १९९१ मध्ये आलं, हे लक्षात घ्या. मधली पंधरा वर्षं पेशंटनी जे काढलं ते आजच्या किमोच्या अनुभवावरून मोजता येणार नाही.

असे महिनोन् महिने चालणारे उपचार असतील तर एका भेटीनं काय होणार? प्रश्न रोज नवे. फोडणीचा वास सहन होत नाही, काय खाऊ? केस आधीच कापून टाकू का? ताप आला, हॉस्पिटलला फोन करू की सकाळपर्यंत थांबू? याला नियमित भेटणारा गट हवा किंवा फोनच्या पलीकडे माणूस हवं. १९७८ मध्ये शिकागो भागात अ‍ॅन मार्कू आणि मिमी कॅप्लन या दोन पेशंट बायकांनी ‘वाय-मी’ ही संस्था सुरू केली. कॅन्सर झालेल्या बायकांनी चालवलेली फोनसेवा ही तिची पुढे ओळख बनली. उपचाराचं रूप बदललं तसं आधाराचं रूप बदललं. गटांचा इतिहास औषधांच्या इतिहासापासून तोडून लिहिता येत नाही, तो यामुळे.

आकडे आले, आणि एक धोकाही

१९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या गटानं ‘द लॅन्सेट’मध्ये एक निबंध छापला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ बायका. त्यातल्या काही दर आठवड्याला गटात भेटायच्या, काही नाही. अभ्यास सुरू झाल्यापासून गटातल्या बायका सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट! जगभर बातमी झाली.

२००१ मध्ये पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात २३५ बायकांवर तसाच अभ्यास केला. आयुष्य वाढलं नाही. मात्र गटातल्या बायकांचं मानसिक दुःख आणि वेदना कमी झाल्या, विशेषतः सुरुवातीला जास्त त्रासात असलेल्यांच्या. २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही आयुष्य वाढल्याचं एकूणात दिसलं नाही.

यातून ‘गट निरुपयोगी’ असं काढायचं का? नाही. पण पणाला काय लागलं होतं ते बघा. गटात गेल्यानं, मन मोकळं केल्यानं आयुष्य वाढतं असं मानलं, तर जी गेली तिनं काय कमी केलं? तिनं पुरेशी सकारात्मकता दाखवली नाही? ‘खचू नकोस, लढ’ हा धीर कधी दोषारोप होतो, कळतही नाही. गुडविन यांच्या निष्कर्षानं बायकांना या ओझ्यातून थोडं मोकळं केलं, असं मी वाचते. दुःख कमी होणं हे स्वतःच पुरेसं कारण आहे, त्याला आयुष्याच्या महिन्यांचा दाखला लागत नाही.

एक तांत्रिक गोष्टही नोंदवा. हे दोन्ही गट प्रशिक्षित व्यावसायिक चालवत होते. ते ‘पीअर सपोर्ट’ नव्हे, गट-मानसोपचार होते. निव्वळ एकमेकींशी बोलण्याच्या गटांचा अभ्यास विकी हेल्गेसन यांनी केला, ३१२ बायकांवर. १९९९ मध्ये त्यांना दिसलं, की माहिती देणाऱ्या सत्रांचा फायदा झाला, नुसत्या गप्पांच्या गटांचा नाही. २००० च्या पुढच्या लेखात बारकावा आला : ज्यांना जोडीदाराकडून किंवा डॉक्टरांकडून आधार मिळत नव्हता त्यांना बोलण्याच्या गटाचा उपयोग झाला, ज्यांना तो भरपूर होता त्यांना उलट तोटाच झाला. तेव्हा ‘आधारगट चांगले का वाईट?’ हा प्रश्नच बाद करा. ‘कोणासाठी, कधी, कशाच्या जागी?’ हा प्रश्न ठेवा.

आपल्याकडे शोधायचं कुठे?

मुंबईत परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ ची. स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं, आणि त्यातही कॅन्सरमधून गेलेले स्वयंसेवक पेशंटशी बोलतात. या संस्थांचे अहवाल, पत्रकं मिळतील.

पण अहवालात न येणाऱ्या जागेचाही विचार करा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटात उपचार घेणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. दूरच्या गावांहून आलेली माणसं. अशा ठिकाणी कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, किमोनंतर पेज कशी करायची, हे शेजारच्या खाटेवरून कळतं. याला कोणी ‘आधारगट’ म्हणत नाही. याची नोंदवही नाही, संस्थापक नाही, स्थापना दिवस नाही. इतिहासात ज्यांची नोंद झाली त्या बहुतेक लिहित्या-बोलत्या, संस्था काढू शकणाऱ्या बायका होत्या. बाकीच्यांसाठी मौखिक इतिहास हीच वाट आहे.

त्या वाटेनं जाणार असाल तर तीन गोष्टी सांगते. आधी नैतिक समितीची परवानगी. चालू उपचारातल्या बाईपेक्षा उपचार संपून काही काळ गेलेल्या बाईशी बोला, आणि घरात तिचा आजार कोणाला माहीत आहे हे आधी विचारून घ्या. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत हा शब्द उच्चारला जात नाही. आणि ‘तुम्हाला गटाचा काय फायदा झाला?’ असं विचारू नका, कारण प्रश्नातच उत्तर आहे. ‘त्या दिवसांत तुम्ही कोणाशी बोलत होता?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर कदाचित नर्सचं नाव असेल, कदाचित लोकलमधल्या एका अनोळखी बाईचं, कदाचित ‘कोणाशीच नाही’ असं. तिन्ही उत्तरं लिहून घ्या. तिसरं सोडू नका, तोही पुरावाच आहे.