नाटक लिहिणारीला सोबत हवी

आमच्या जळगावापुढे 'जामोद' जोडावंच लागतं. नाहीतर ऐकणारा थेट खानदेशातल्या जळगावात पोचतो. आज मात्र मीच तुम्हाला आधी तिकडे नेणार आहे. कारण गिरिजाबाई केळकर तिथल्या. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला त्यांनी १९१३ साली 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिलं. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेली ही पहिलीच स्त्री.

त्यांच्याही आधी, १८९६ साली, सोनाबाई केरकरीण यांनी 'छत्रपती संभाजी' हे नाटक लिहिलं. पुढे हिराबाई पेडणेकरांचं 'दामिनी' ललितकलादर्शनं रंगभूमीवर आणलं. म्हणजे बायका लिहीत होत्या, पण एकेकट्या. नाटककार घडतो तो तालमीत, वाचनात, नटांशी वाद घालताना. नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडणं घरंदाज बाईला शक्य नव्हतं, आणि कलावंतिणीच्या घरातल्या हिराबाईंना समाजात मान नव्हता. त्या अखेर मुंबई सोडून कोकणात पालशेतला जाऊन राहिल्या. त्यांचं नाटक मागे पडलं.

सोबत मिळाली की काय होतं, हे १९८३ साली दिसलं. स्त्रीमुक्ती संघटनेच्या ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' संघटनेतल्या बायकांनीच गावोगाव नेलं; ते इतर भाषांतही गेलं.

तोच विचार जगभर चालू होता. १९८८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात नाटककार स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मग दर तीन वर्षांनी देश बदलत ती टोरांटो, अॅडलेड, अथेन्स, मनिला असा प्रवास करत २००९ साली मुंबईत आली. देश वेगळे, भाषा वेगळ्या; पण लिहिलेलं वाचून दाखवायला आणि त्यावर मोकळेपणी बोलायला आपल्यासारखीच दुसरी कुणी भेटते, हे मोलाचं.

आमच्या भागात स्नेहसंमेलनासाठी झकास एकांकिका लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. लग्नानंतर त्यांच्या वह्या माळ्यावर जातात. परदेशातली परिषद त्यांना परवडणारी नाही, हे खरं. पण हातातल्या मोबाईलवरून अकोल्याच्या, इंदूरच्या किंवा ढाक्याच्या मैत्रिणीला एक प्रवेश वाचून दाखवता येतो, आणि सुट्टीत चारजणींना एका ओसरीवर जमता येतं. हिराबाईंना हे मिळालं नाही. या मुलींना ते मिळवून देणं आपल्या हातात आहे.