मास्तरांची सनद



गिरणीत बॉयलरपाशी उभा राहणारा माणूस सनदेवाचून उभा राहू शकत नसे. एस.टी. चालवणाऱ्याला आपला परवाना ठरावीक वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. डॉक्टरलाही महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना, मधल्या काळात आपण काही तास नवे शिकलो, असे दाखवावे लागते. मग मास्तरांची सनद तेवढी एकदा मिळाली की जन्मभर का चालावी? हा प्रश्न अलीकडे जळगावात आणि धुळ्यात पुष्कळ लोक मला विचारतात. कामगार चळवळीतला माणूस ‘परीक्षाच नको’ असे सांगून मोकळा होईल, अशी त्यांची अटकळ असते. इतके सोपे उत्तर माझ्यापाशी नाही.

मी शिक्षक नाही. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते धुळ्याच्या गरुड वाचनालयात, जळगावच्या जिल्हा वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत रात्री दिव्याखाली. माझ्याकडे बैठकीला येणाऱ्यांत एका बाजूला शिक्षक असतात आणि दुसऱ्या बाजूला हमाल, जिनिंगमधले मजूर व केळीच्या बागांत राबणाऱ्या बाया. या मजुरांच्या मुलांना वाईट मास्तर मिळाला तर शिकवणी लावून ती तूट भरून काढण्याची ऐपत त्यांच्यात नसते. म्हणून शिक्षकाची नोकरी सुरक्षित हवी हे मला जितके पटते, तितकेच तो उत्तम शिकवणारा हवा हेही पटते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर मला इतिहासात थोडेसे सापडले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

जुन्या काळी गावचा पंतोजी कोणाच्या ओसरीवर नाही तर देवळात शाळा भरवी. त्याला सनद नव्हती. मुलांचे आईबाप धान्य देत, हीच त्याची सनद. आणि मुले येईनाशी झाली की ती रद्द होई. ही व्यवस्था साधी होती, पण त्या ओसरीवर बसण्याचा हक्क ठरावीक जातींच्याच मुलांना होता, हे विसरून चालणार नाही.

१८१८ साली खानदेशात कंपनी सरकारचा अंमल बसला. त्यानंतर मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने चोवीस मास्तर तयार केले आणि १८२६ साली ते इलाख्याच्या निरनिराळ्या भागांत शाळा चालवण्यास धाडले. शिकवण्याचे काम आधी शिकावे लागते, ही कल्पना येथून आपल्याकडे रुजू लागली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने तिला सरकारी मान्यता दिली. त्या खलित्यातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे, असे त्यात सुचवले होते. म्हणजे ज्याला शिकलेला मास्तर हवा त्याने त्याच्या शिकण्याचा खर्च सोसावा, हा न्याय परक्या सरकारलाही मान्य होता.

पुढे १८८२ साली हंटर कमिशन आले. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ आली तर नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला त्यांना लाज वाटू नये, आणि त्यांनी लोकांत मिसळावे, अशी त्यांची मागणी होती. त्याचबरोबर शिक्षक ट्रेनिंग घेतलेला असावा आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेही त्यांनी सांगितले. ध्यानात घ्या, जोतीरावांनी शिक्षकाची लायकी आणि शिक्षकाचा पगार या दोन गोष्टी एकाच श्वासात मागितल्या. आज आपण त्यांची फारकत केली आहे. लायकीची भाषा सरकार बोलते, पगाराची भाषा संघटना बोलते, आणि दोघेही एकमेकांचे ऐकत नाहीत.

त्याच काळात विलायतेत एक वेगळाच प्रयोग चालू होता. १८६२ च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले होते. इन्स्पेक्टर येई, वाचन, लेखन आणि गणित तपासी, आणि त्या हिशेबाने शाळेला पैसे मिळत. परिणाम व्हायचा तोच झाला. जे तपासले जाते तेवढेच मास्तर शिकवू लागले, आणि मुले पुस्तक न समजताच पाठ म्हणू लागली. १८९० च्या दशकात ही पद्धत तेथे मोडीत निघाली. आपल्याकडच्या डिपोटीच्या तपासणीचे किस्से जुनी माणसे अजून हसत हसत सांगतात. डिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, हुशार मुले पुढच्या ओळीत बसत, आणि तो गेला की सारे पूर्ववत होई. भीतीने शाळा एका दिवसापुरती सुधारते, इतकाच त्याचा अर्थ.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या ताब्यात गेल्या. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर म्हणून नोकरीला लागे आणि त्याच्या नावापुढे ‘अनट्रेन्ड’ असा शिक्का बसे. पुढे त्याला पाळीपाळीने ट्रेनिंगला पाठवीत. त्यानंतर ज्युनिअर पी.टी.सी., सीनिअर पी.टी.सी., मग डी.एड. आणि आता डी.एल.एड. अशी नावे बदलत गेली. या जुन्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ होत्या. पण तिच्यात एक शहाणपण होते. माणसाला आधी कामावर घेतले, मग शिकायला पाठवले, आणि शिकून आला की त्याचा दर्जा वाढवला. शिकणे ही शिक्षा नसून बढतीची वाट होती.

स्वातंत्र्यानंतर, आणि विशेषतः १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर, नोकरीतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मोठा वेग आला. जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. जळगावात आहे, धुळ्यातही आहे. सुट्टीतली शिबिरे झाली, नव्वदच्या दशकात ‘स्मार्ट पी.टी.’ झाले, केंद्राकेंद्रात शिक्षण परिषदा भरू लागल्या. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, पण त्यासाठी प्रशिक्षण पुरे केलेले हवे, असा नियम झाला. नियम चांगला होता. परंतु प्रशिक्षण भरवणे सरकारच्या हाती आणि ते न झाल्याचा तोटा शिक्षकाच्या माथी, असे वर्षानुवर्षे चालले. आणि झालेल्या प्रशिक्षणांविषयी शिक्षकांना विचारा. ते सांगतील, सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-यावलकडे किंवा शिरपूरच्या पाड्यांवर पहिलीत बसलेले पोर घरी पावरी किंवा भिलोरी बोलते. गावोगावचे पोर अहिराणी बोलते. त्याला पुस्तकातली मराठी कोणत्या पायरीने शिकवावी, हे जिथे शिकायला हवे तिथे बहुधा परिपत्रकांचे वाचनच होते.

मग आली पात्रता परीक्षा. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने नव्या शिक्षकाला ‘टीईटी’ बंधनकारक केली. महाराष्ट्रात ती २०१३ साली प्रथम झाली. दीडशे गुण, साठ टक्क्यांना उत्तीर्ण, राखीव प्रवर्गांना थोडी सूट. या प्रमाणपत्राची मुदत आरंभी सात वर्षे होती. सात वर्षांत नोकरी लागली नाही की उमेदवाराने पुन्हा परीक्षेला बसायचे. २०२१ साली केंद्र सरकारने ती मुदत काढून प्रमाणपत्र जन्मभराचे केले. त्याच सुमारास आपल्या राज्यात या परीक्षेतला गैरव्यवहार उघडकीला आला, आणि २०२२ साली सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्या यादीत आपल्या खानदेशातली नावेही होती, हे सांगताना मान खाली जाते. परंतु सनद ही केवळ एका कागदावर टांगली की त्या कागदाचा बाजार भरतो, हेही त्यातून शिकायचे आहे.

आता ताजी गोष्ट. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जुन्या शिक्षकांपैकी ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ज्यांची पाच वर्षे किंवा त्याहून कमी उरली त्यांनी राहावे, पण टीईटीवाचून बढती मिळणार नाही. २०१० पूर्वी रीतसर नेमलेल्या शिक्षकांना अधिसूचनेने या परीक्षेतून वगळले होते. पंचवीस वर्षे पाड्यावर शिकवलेला माणूस आता वयाच्या पन्नाशीत क्लासच्या बाकावर बसून बहुपर्यायी प्रश्न सोडवतो आहे. त्याचे दुःख खरे आहे. न्यायालयाने मुलाच्या चांगल्या शिक्षणाच्या हक्कावर बोट ठेवले, तेही खरे आहे. प्रश्न इतकाच की, दीडशे प्रश्नांच्या या कागदाने त्या मुलाला चांगला शिक्षक मिळेल काय?

याबाबत जपानचा अनुभव ऐकण्याजोगा आहे. तेथे २००९ साली शिक्षकांच्या परवान्याला दहा वर्षांची मुदत लावली. मुदत संपण्यापूर्वी तीस तासांचा अभ्यासक्रम करायचा, तोही आपल्या पैशाने आणि बहुधा सुट्टीत. शिक्षक त्रासले, ज्यांचे परवाने संपले ते परत येईनात, शाळांना माणसे मिळेनात. आणि जुलै २०२२ मध्ये जपानने ही पद्धत बंद केली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९३ साली जन्मभराची सनद बंद करून दर पाच वर्षांनी ती नवी करण्याचा नियम केला. तेथे मात्र एका परीक्षेचा फास नाही. पाच वर्षांत जे शिकले त्याचे गुण साठत जातात. दोन देश, दोन अनुभव. सनद नवी करणे हे मुळात वाईट नाही; शिकण्याचा वेळ आणि खर्च कोणी द्यायचा, यावर सारे अवलंबून आहे.

येथे मला गिरणीची आठवण करून द्यावीशी वाटते. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, या सगळ्या आता इतिहासजमा झाल्या. पण गिरणीत एक रीत होती. कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी ‘बदली’ कामगार उभा राही, कारण माग थांबलेला मालकाला परवडत नसे. दोनशिक्षकी शाळेतला एक मास्तर प्रशिक्षणाला गेला, तर त्याच्या जागी कोण उभा राहतो? कोणीही नाही. दुसरा मास्तर चार वर्ग एकत्र बसवतो आणि मुले पाढे म्हणत बसतात. सुताचा माग थांबू नये म्हणून जी सोय मालकाने केली, ती मुलाच्या शिक्षणासाठी आपल्या समाजाने केलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास शिकावे, असे म्हटले आहे. ते पन्नास तास कामाच्या वेळेत द्यावेत, खर्च सरकारने करावा, आणि त्या काळापुरता शाळेला बदली शिक्षक द्यावा. शिकवायचे ते त्या भागातल्या मुलांच्या भाषेशी आणि अडचणींशी जोडलेले असावे. आणि सनद ताजी आहे की नाही हे वर्गात बसून, मुलांचे वाचन ऐकून, अनुभवी शिक्षकांनी ठरवावे. एका दुपारच्या परीक्षेने ठरवू नये.

संघटनांनाही एक कडू गोष्ट सांगतो. आम्ही वेतन आयोग मागितला, जुनी पेन्शन मागितली, बदल्यांचे न्याय्य धोरण मागितले, आणि ते रास्तच होते. पण ‘आम्हाला चांगले प्रशिक्षण द्या, नाहीतर आम्ही रस्त्यावर येऊ’ अशी घोषणा आमच्या मोर्चात कितीदा ऐकू आली? जो शिक्षक वर्गात न शिकवता पगार घेतो त्याला पाठीशी घालणारी संघटना मजुराच्या मुलाशी वैर करते. आपला दर्जा आपण राखला नाही, तर तो राखायला दुसरे कोणी येते. आणि मग ते त्याच्या सोयीने येते, आपल्या नव्हे.

आणि शेवटी आपण, समोर बसलेले नागरिक. आपल्यापैकी बहुतेकांची मुले आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जात नाहीत. त्यामुळे तिथल्या मास्तरांची सनद हा आपला प्रश्न नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पंतोजीच्या काळी गाव त्याची परीक्षा घेई, कारण गाव त्याला धान्य देई. आजही त्याचा पगार आपल्याच करातून जातो. जवळच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीला एकदा जा. तिथल्या शिक्षकाला विचारा की त्याला शिकायला काय हवे आहे, आणि तिसरीतल्या एखाद्या मुलाला जवळ बसवून त्याचे वाचन ऐका. दोघांची उत्तरे घेऊन जिल्हा परिषदेत चला. संघटना आपल्याबरोबर येईल.