सोल्जर, सेपॉय आणि सुभेदार : लष्करी शब्दांतला सत्तेचा इतिहास

१/ सातव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा इने याने एक कायदा केला. सात माणसांपर्यंत ‘चोर’, सात ते पस्तीसपर्यंत ‘टोळी’ आणि पस्तिसांच्या वर गेले की ‘हेरे’, म्हणजे सैन्य! चोर आणि सैन्य यांतील सीमारेषा राजाने केवळ शिरगणतीवर आखली. इंग्रजीतील लष्करी शब्दांची कथा येथून सुरू करू. धागा थोडा दीर्घ आहे.

२/ जुन्या इंग्रजीत सैन्याला दोन शब्द होते. राजाने आपल्या प्रजेतून उभारलेली फौज म्हणजे ‘फिर्ड’. अँग्लो-सॅक्सन बखरीत ‘हेरे’ हा शब्द मात्र बहुधा चालून आलेल्या डेन लोकांसाठी येतो. आपले सैन्य निराळे, शत्रूचे निराळे. पुढे दोन्ही शब्द मागे पडले. ‘हेरे’ मात्र एका ठिकाणी तगून राहिला : ‘हार्बर’ या शब्दाचा मूळ अर्थ सैन्याचा निवारा. मुंबईच्या हार्बर लाइनवरून रोज प्रवास करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

३/ १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. ‘आर्मी’ आणि ‘सोल्जर’ हे दोन्ही शब्द फ्रेंचमधूनच आले. ‘सोल्जर’च्या मुळाशी ‘सॉलिडस’ हे रोमन सुवर्णनाणे आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टंटाइनने ते प्रचारात आणले. म्हणजे सोल्जर या शब्दाच्या पोटात शौर्य नाही, देशप्रेमही नाही; आहे तो पगार. आपल्या कागदपत्रांतील ‘रोजमुरा’ आठवावा. रोजमुरा घेऊन लढणारा, तो सोल्जर.

४/ हुद्द्यांची नावेही अशीच बोलकी आहेत. ‘कर्नल’चे मूळ इटालियन; सैन्याच्या स्तंभाचा, रांगेचा नायक. ‘लेफ्टनंट’ म्हणजे दुसऱ्याची जागा धरून ठेवणारा. आपल्याकडील ‘मुतालिक’ या शब्दाच्या अगदी जवळचा. ‘सार्जंट’ म्हणजे मुळात सेवक. ‘इन्फन्ट्री’ हा शब्द पोरसवदा तरुणांवरून आला. घोड्यावर बसण्याइतका अनुभव वा ऐपत नसलेले ते पायदळात. आणि ‘कंपनी’ म्हणजे एका भाकरीचे वाटेकरी.

५/ या शब्दांची आपल्या भाषेत येजा झाली. ‘कप्तान’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले. इंग्रजी ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला. महादजी शिंदे यांच्यासाठी डी बॉयनने उभारलेल्या कवायती फौजेच्या तुकड्यांना ‘कंपू’ म्हणत. शत्रूचे तंत्र आत्मसात करताना त्याचे शब्दही घ्यावे लागतात, याचे हे बोलके उदाहरण.

६/ उलट दिशेने गेलेला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘सिपाही’. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे सैन्य. ऑटोमन साम्राज्यात सिपाही हा जमिनीचा महसूल उपभोगणारा घोडेस्वार, प्रतिष्ठेचा माणूस. पोर्तुगीजांमार्फत हा शब्द इंग्रजीत ‘सेपॉय’ होऊन पोहोचला, तेव्हा त्याचा घोडाही गेला आणि मानही. कंपनीच्या फौजेत गोरा तो ‘सोल्जर’, हिंदी तो ‘सेपॉय’. काम एक, बंदूक एक, शब्द दोन. ‘हेरे’ आणि ‘फिर्ड’ यांतील भेद हजार वर्षांनी निराळ्या रूपाने परतला.

७/ हुद्द्यांची घसरण तर याहून तीव्र. मोगल राज्यात सुभेदार म्हणजे संपूर्ण सुब्याचा अधिकारी. मराठेशाहीत मल्हारराव होळकर ‘सुभेदार’ म्हणून ओळखले जात. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस पाहत. कंपनीने हीच नावे उचलली : नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार. पण शिडी तिथेच संपे. तीस वर्षे रणांगण पाहिलेला सुभेदार नुकत्याच जहाजातून उतरलेल्या कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या खालीच राही. नाव सुब्याच्या धन्याचे, अधिकार मात्र तुकडीपुरता.

८/ ही शिडी वर सरकण्यास फार काळ लागला. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची मुभा १९११ साली झाली. लढाऊ पलटणींतील राजसनद हिंदी अधिकाऱ्यांना प्रथम १९१७ साली मिळाली, तीही पहिल्या महायुद्धाच्या रेट्यामुळे. डेहराडूनची लष्करी अकादमी उभी राहिली १९३२ साली.

९/ एखादे विशेषण किती घरांची चूल विझवू शकते, हे ‘मार्शल’ या शब्दावरून कळते. मार्स हा रोमनांचा युद्धदेव. त्यावरून हा शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मार्शल रेस’, म्हणजे ‘लढाऊ जात’, ही कल्पना सरकारी धोरण बनली. मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहण्यास मात्र ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. ज्यांनी रणांगणात स्वतःला सिद्ध केले होते, ते कागदावरील एका शब्दाने ‘अलढाऊ’ ठरले होते.

१०/ आता ‘म्यूटिनी’. मूळ फ्रेंच, अर्थ, धन्याविरुद्ध केलेले बंड. हा शब्द स्वीकारला की धनी न्याय्य होता, हेही न बोलता मान्य होते. १८५७ ला इंग्रजांनी ‘सेपॉय म्यूटिनी’ म्हटले. त्यात बंड आले आणि ते केवळ शिपायांपुरतेही ठरले. शेतकरी, कारागीर, संस्थानिक सारे नावाबाहेर. १९०९ साली सावरकरांच्या ग्रंथाने त्याला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले, तेव्हा वाद केवळ नावाचा नव्हता. लढणाऱ्यास लढण्याचा अधिकार होता की नाही, याचा होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरून पेटलेल्या घटनेबाबतही तोच प्रश्न आजवर विचारला जातो : बंड की उठाव?

११/ आज भारतीय सैन्यात नाईक, हवालदार, सुभेदार हे हुद्दे आहेतच. शब्द वसाहतीतून आले म्हणून टाकून दिले गेले नाहीत. माणसांच्या पराक्रमाने त्यांना पुन्हा वजन आले. मराठीत मात्र ‘शिपाई’ पोलीस दलात आहे, तसाच कचेरीच्या दाराशी स्टुलावरही बसलेला आहे. सिपाह ते स्टूल, एवढा मोठा प्रवास!

१२/ म्हणून जुनी साधने वाचणाऱ्या मित्रांना एकच विनंती. गॅझेटियरमध्ये वा कंपनीच्या पत्रव्यवहारात ‘बंडखोर’, ‘लुटारू’, ‘लढाऊ जात’ असे शब्द आले की क्षणभर थांबा. तो शब्द कोणी लिहिला, कोणाविषयी लिहिला आणि ज्याच्याविषयी लिहिला तो स्वतःला काय म्हणवत होता, हे तीन प्रश्न वहीत टिपून ठेवा. राजा इनेच्या कायद्यात चोराचे सैन्य होण्यास छत्तिसावा माणूस पुरत होता. नंतरच्या काळात ते काम बरेचदा नोंद लिहिणाऱ्याच्या लेखणीने केले.