कॅसेट पोचेल तिथवर बातमी

मराठी टीव्ही बातमीचा इतिहास बहुतेक वेळा मालकांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी सरकार, मग खासगी वाहिन्या, 2007 पासून चोवीस तास बातम्या. यात खोटं काही नाही. पण जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या वार्ताहराचं काम कसं बदलत गेलं, ते या क्रमातून कळत नाही. त्यासाठी जरा हमाली वळणाचा प्रश्न विचारावा लागतो: टिपलेलं चित्र प्रक्षेपणाच्या जागेपर्यंत पोचायचं कसं? माझ्या मते कोणती घटना बातमी ठरली, कोणत्या तालुक्याला पडद्यावर जागा मिळाली आणि वार्ताहराला चेहरा कधी मिळाला, हे संपादकाच्या धोरणाइतकंच, काही काळ तर त्याहून जास्त, या वाहतुकीने ठरवलं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं ते दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुणं जोडलं गेलं. त्या काळातली कोणती नावं लोकांच्या तोंडी आहेत? भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे. सगळे वृत्तनिवेदक. घटनास्थळी गेलेल्या वार्ताहराचं नाव सहसा कुणाला आठवत नाही. याचं ठरलेलं उत्तर म्हणजे सरकारी माध्यम, त्याला प्रश्न विचारणारा वार्ताहर हवाच कशाला. उत्तर सोयीचं आहे, पण एका तपशिलापाशी अडतं. 1 एप्रिल 1976 पर्यंत दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता. मंत्रालय एक, नियम एक. तरीही आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांत जिल्ह्याच्या बातम्या होत्या, त्या कळवणारे अर्धवेळ वार्ताहर होते. फरक इतकाच की शब्द फोनवरून किंवा तारेने जात. सोळा मिलिमीटरची फिल्म मात्र माणसाच्या हातूनच मुंबईला न्यावी लागे, मग ती धुवायची, कापायची, जोडायची. बीडला सकाळी घडलेल्या घटनेचं चित्र त्याच संध्याकाळी वरळीहून दिसणं जवळपास अशक्य होतं. मंत्र्यांचा दौरा आणि नियोजित उद्घाटन यांना त्या पडद्यावर इतकी जागा मिळाली, त्यामागे लाचारी होतीच. पण या घटनांची वेळ आधी ठाऊक असते आणि कॅमेरा आधी पोचवता येतो, हेही कारण होतं.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि धुण्याचा वेळ वाचला; अंतर तेवढंच राहिलं. 1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे होता. त्यामुळे 1992 मध्ये सुरू झालेल्या झी टीव्हीला आपलं प्रक्षेपण हाँगकाँगहून करावं लागलं. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये म्हटलं, तरी देशातून स्वतःच्या यंत्रणेने उपग्रहाकडे चित्र पाठवण्याची वाट खासगी वाहिन्यांना 2000 मध्ये मोकळी झाली. मधल्या काळात ज्याला खऱ्या अर्थाने स्थानिक टीव्ही म्हणावं, ते केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये वाढलं. 1995 च्या केबल कायद्याने या चालकांची नोंदणी चक्क टपाल कार्यालयात करायला लावली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी सिनेमे दाखवता दाखवता शहराच्या बातम्या सुरू केल्या. इथे कॅसेट स्कूटरवरून दोन-चार किलोमीटर जायची. तुंबलेलं गटार, नगरपालिकेची सभा, गणेश मंडळाचा देखावा, बाजार समितीतला गोंधळ हे सगळं पडद्यावर आलं. गावकऱ्यांची आवड एका रात्रीत बदलली नव्हती. अंतर आटलं होतं.

यावर रास्त आक्षेप असा की केबलच्या या बातम्या विकत घेतलेल्या असत. चालक एखाद्या नगरसेवकाचा माणूस, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बातमी यांतला फरक पुसट. बऱ्याच ठिकाणी हे खरं होतं. पण पैशाने ठरत होतं ते हार कुणाच्या गळ्यात पडतो हे. त्या गल्लीत कॅमेरा मुळात का पोचू शकला, याचा खुलासा पैशातून होत नाही. पैसेवाले पुढारी सत्तरच्या दशकातही होते.

उपग्रह वाहिन्यांतही हेच दिसतं. ई टीव्ही मराठीने 2000 पासून जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर नेमले आणि बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून दिल्या. 2007 मध्ये झी चोवीस तास आणि स्टार माझा आल्या, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. आता घटनास्थळावरून थेट चित्र पाठवणारी ओबी व्हॅन हे केंद्र झालं. व्हॅन महाग, म्हणून ती मोठ्या शहरांत उभी; थेट बातमी तिच्या आवाक्यातली. हातात बूम, म्हणजे वाहिनीचा माइक, धरलेला वार्ताहर आता घरोघरी ओळखीचा झाला. आवाक्याबाहेरच्या तालुक्याला एखादी बाइट, म्हणजे कुणाचं टिपलेलं छोटं वक्तव्य, किंवा फोनो, म्हणजे फोनवरून दिलेली माहिती. इथे टीआरपीचं नाव पुढे येणारच. मात्र प्रेक्षकसंख्येची मोजणी ऑक्टोबर 2015 पर्यंत खेड्यांत होतच नव्हती. सगळं टीआरपीनेच ठरलं असतं, तर त्याआधीच्या आठ वर्षांत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांना या वाहिन्यांनी दिला तेवढा वेळ द्यायचं कारण नव्हतं. मोजणी खेड्यात पोचली आणि वर्षभरातच स्वस्त फोर-जीही पोचलं, त्यामुळे 2016 नंतर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, हे मान्य करायला हवं.

त्याच सुमारास केबलचं डिजिटायझेशन झालं. सांकेतिक रूपात येणाऱ्या प्रक्षेपणात गावच्या चालकाला आपलं चॅनल मधेच घुसवता येईना. स्थानिक बातम्या मोठ्या वितरकाच्या मर्जीवर गेल्या, नाहीतर यूट्यूबवर. वार्ताहराच्या मोबाइलने अंतर जवळपास शून्यावर आणलं, आणि वाहतुकीचा भार त्याच्याच खांद्यावर आला: चित्रण, संकलन, पाठवणं, वर पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभं राहून बोलणं. मोबदला मात्र स्ट्रिंगरला, म्हणजे पगारी नोकरीत नसलेल्या वार्ताहराला, बहुधा बातमीमागे. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. 2020 च्या कामगार संहितेने इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतले, अर्धवेळसुद्धा, पत्रकार व्याख्येत घेतले. पण व्याख्या नोकरीत असलेल्या माणसाची आहे, आणि जिल्ह्यातल्या बऱ्याच स्ट्रिंगरांकडे दाखवायला बूम असतो, नेमणुकीचं पत्र नसतं.