इलेक्ट्रोस्प्रे आयनीभवन

इलेक्ट्रोस्प्रे आयनीभवन ही द्रावणातील रेणूंना, ते न मोडता, विद्युतभारित वायुरूप आयनांच्या स्वरूपात आणण्याची पद्धत आहे. द्रव्यमान वर्णपटविज्ञानात प्रथिने, औषधे, चयापचयातील पदार्थ इत्यादींच्या विश्लेषणासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

पार्श्वभूमी

द्रव्यमान वर्णपटमापकाला केवळ आयनांचे मापन करता येते. विद्युतभार नसलेले रेणू त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच असतात. त्यामुळे उपकरण कितीही अचूक असले, तरी आयन नीट तयार झाले नाहीत तर त्याचा उपयोग होत नाही. जुन्या पद्धतीत पदार्थाची वाफ करून तिच्यावर साधारणपणे ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. रेणूचे ठरावीक तुकडे होतात व त्यांवरून पदार्थ ओळखता येतो. लहान, बाष्पनशील रेणूंसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे. प्रथिनाची मात्र वाफ होत नाही. तापविल्यास त्याचे विघटन होते. १९६६ मध्ये मन्सन आणि फील्ड यांनी मांडलेले रासायनिक आयनीभवन अधिक सौम्य होते, पण वाफेची अट त्यातही कायम राहिली.

कार्यपद्धती

नमुन्याचे द्रावण बारीक नळीतून सोडून नळीला काही हजार व्होल्ट विभव देतात. नळीच्या टोकाशी द्रवाला शंकूचा आकार येतो; यास टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या अग्रातून सूक्ष्म भारित थेंबांचा फवारा उडतो. कोरड्या नायट्रोजनच्या झोतात द्रावक उडून जातो व थेंब आकसतो, परंतु त्यावरील भार तेवढाच राहतो. समान भारांचे प्रतिकर्षण पृष्ठताणापेक्षा वरचढ ठरताच थेंब फुटतो. ही मर्यादा रॅली यांनी १८८२ मध्येच गणिताने दाखविली होती. असे वारंवार घडून शेवटी मोकळे आयन उरतात. ते नेमके कसे सुटतात याविषयी एकाहून अधिक सिद्धांत असून, लहान व मोठ्या रेणूंच्या बाबतीत यंत्रणा वेगळी असावी असे मानले जाते.

मोठ्या रेणूवर एकाच वेळी अनेक भार बसतात, हे या पद्धतीचे खरे बळ होय. उपकरण द्रव्यमान आणि भार यांचे गुणोत्तर मोजते. २०,००० डाल्टनच्या प्रथिनाला २० प्रोटॉन चिकटले, तर हे गुणोत्तर सुमारे १,००१ येते व साध्या उपकरणाच्याही आवाक्यात राहते. भारांची संख्या वेगवेगळी असलेली अनेक शिखरे मिळत असल्याने मूळ द्रव्यमान पडताळूनही पाहता येते.

इतिहास

अमेरिकेतील माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये पॉलिस्टायरीनवर असा प्रयोग केला होता. येल विद्यापीठातील जॉन फेन यांनी यामाशिता यांच्यासह १९८४ मध्ये ही पद्धत द्रव्यमान वर्णपटमापकाला जोडली. त्याच सुमारास लेनिनग्राडमध्येही स्वतंत्रपणे असेच काम झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फेन यांच्या गटाने प्रथिनांचे मापन करून दाखविले. तोवर फेन सत्तरीला पोहोचले होते. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात लेसर पद्धतीसाठी कोइची तानाका हे त्यांचे सहमानकरी होते.

मर्यादा व सुधारणा

नमुन्यातील क्षार व इतर घटक थेंबाच्या पृष्ठभागावरील भारासाठी स्पर्धा करतात. त्यामुळे रक्तासारख्या नमुन्यात औषध असूनही त्याचा संकेत क्षीण होऊ शकतो. विश्लेषकाची फसगत होते ती येथेच. यावर उपाय म्हणून नमुना आधी स्तंभातून वेगळा करतात, साध्या क्षारांऐवजी अमोनियम ॲसिटेटसारखे उडून जाणारे क्षार वापरतात आणि जड समस्थानिके असलेला तोच पदार्थ ज्ञात प्रमाणात मिसळून तुलना करतात. १९९० च्या दशकात विल्म आणि मान यांनी विकसित केलेल्या नॅनो-इलेक्ट्रोस्प्रेमध्ये द्रावणाचा प्रवाह मिनिटाला काही नॅनोलिटर इतका कमी असतो. थेंब मुळातच लहान असल्याने क्षारांचा त्रास घटतो व अत्यल्प नमुना पुरतो. २००४ मध्ये ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने भारित फवारा थेट पृष्ठभागावर मारून, नमुना तयार न करताच उघड्या हवेत आयन मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली.