आमच्या घरची पंगत

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत देवळाच्या उभारणीचा व आदरणीय धर्मगुरूंच्या परिश्रमांचा इतिहास अन्यत्र आलेला आहे. त्या इतिहासास दगडांचा व नोंदवह्यांचा आधार आहे. परंतु आमच्या समाजाचा दुसराहि एक इतिहास आहे. तो कोणत्याहि वहींत उतरलेला नाहीं. तो चुलीपाशीं घडला आणि सासूच्या हातून सुनेच्या हातांत आला. सणासुदीच्या दिवशीं आम्ही घरांत काय रांधितों, कोणास बोलावितों आणि कोणत्या क्रमानें पंगतीस बसतों, ह्यांत चारशें वर्षांहून अधिक काळाची हकीकत सांठलेली आहे. ती थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावी, आणि तिच्यांतील भूषणाबरोबर दूषणहि लपवूं नये, असा आमचा हेतु आहे.

उत्तर कोंकणांतील आमचे पूर्वज ख्रिस्ती होण्यापूर्वींहि भात, मासळी व नारळ ह्यांवरच वाढले होते. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा घेतला. १५३४ च्या डिसेंबरांत गुजरातचा सुलतान बहादुरशहा ह्यानें तहान्वयें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख त्यांस दिला. पुढें येथें देवळें उभीं राहिलीं व लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलला म्हणून कोणाच्या चुलीवरील भाताची हंडी उतरली नाहीं. बदल झाला तो हंडीशेजारच्या कालवणांत. अमेरिका खंडांतील झाडेंझुडपें पोर्तुगीज गलबतांतून ह्या किनाऱ्यावर आलीं. मिरची ही त्यांतलीच. तिच्यापूर्वीं आमच्या जेवणांतील तिखटपणा मिऱ्यांचा व आल्याचा होता, आणि मिऱ्यांवरूनच तिला मिरची हें नांव पडलें. काजू, अननस, पपई, बटाटा व पाव हे शब्द आम्हीं पोर्तुगीज भाषेंतून थोड्याशा फरकानें उचलले. आज जें कालवण आम्ही ‘आमच्या घरचें’ म्हणून अभिमानानें पाहुण्यांस वाढितों, त्याचा लाल रंग समुद्रापलीकडून आलेला आहे.

मांसाच्या पदार्थांची हकीकतहि अशीच आहे. मांस टिकावें म्हणून तें द्राक्षासवांत व लसणींत मुरवावयाचें, ही पोर्तुगालांतील रीत. येथें द्राक्षासव दुर्मिळ. माड व ताड मात्र अंगणांत उभे. तेव्हां ताडीचा शिरका आला, त्यांत मिरची व मसाला वाटला गेला, आणि गोव्यांत विंदालू व आमच्याकडे इंदियाल तयार झालें. शिरक्याच्या आंबटपणानें मांस लवकर नासत नाहीं, उलट दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं तें अधिक मुरतें. बर्फाची पेटी कोणीं पाहिली नव्हती अशा काळांत मोठ्या जेवणाचा स्वयंपाक आधीं करून ठेवणें त्यामुळेंच शक्य झालें. सरपोतेलाचें मूळहि पोर्तुगालांतच. डुकराचें काळीज, हृदय व रक्त ह्यांतील कांहींहि वायां जाऊं न देणाऱ्या काटकसरी लोकांचा तो पदार्थ आहे. ताजी ताडी घालून फुग्यांचें पीठ फुगविलें जाई, आणि गोव्याचे पोदेर आपला पाव त्याच युक्तीनें फुगवीत.

ह्या देवघेवींत आमचा मुलूख केवळ घेणारा नव्हता. वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याचा येथील औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. मुंबई बेट त्या वेळीं त्याच्याकडे खंडानें होतें. त्या ग्रंथांतील आंब्याविषयींच्या संवादांत, पंडितांची चर्चा चालली असतां, मुंबईहून त्याच्या कुळानें आणलेली आंब्यांची करंडी घरीं येऊन पोंचते. यूरोपच्या विद्वानांस आमच्या भूमीची ओळख झाली ती अशी, जेवणाच्या मेजावरून.

परंतु सत्ताधाऱ्यांनीं चुलीवरहि नजर ठेविली, हें लपवून चालणार नाहीं. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं काढलेल्या जाहीरनाम्यांत ख्रिस्ती लोकांस लग्नांतील देशी गाणीं व कित्येक चालीरीति वर्ज्य केल्या. इतकेंच नव्हे, तर हिंदूंप्रमाणें मिठावांचून भात शिजवून मागाहून मीठ घेणें हेंहि निषिद्ध ठरविलें. भातांत मीठ केव्हां घातलें ह्यावरून माणसाची श्रद्धा तोलली जावी, हें वाचून आज मन विषण्ण होतें. पुढें तीनच वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजीअप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला व येथील पोर्तुगीज अंमल संपला. अंमल गेला, श्रद्धा व स्वयंपाक हीं दोन्ही राहिलीं. त्यांपैकीं एकहि केवळ हुकुमाच्या बळावर उभें नव्हतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

तीं टिकलीं तीं घरांतील स्त्रियांच्या श्रमावर. बाटलीच्या मसाल्याचेंच उदाहरण घेऊं. पावसाळ्यापूर्वीं, वैशाखाच्या कडक उन्हांत मिरच्या वाळवावयाच्या. धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, इतकेंच काय, गहूं व हरभऱ्याची डाळहि निरनिराळी भाजावयाची. मग सर्व एकत्र करून उखळांत लांब मुसळांनीं कांडावयाचें. उजेडानें व दमट हवेनें रंग व वास उडतो, म्हणून तो मसाला काळपट बाटल्यांत दाबून भरीत व घट्ट बूच मारीत. हें काम एकटीचें नव्हे. शेजारणी जमत, आज हिच्या अंगणांत तर उद्यां तिच्या. प्रमाण मात्र प्रत्येक घरचें निराळें, आणि तें मुठीनें व चिमटीनें ठरलेलें. लग्नघरींहि तेंच: उंबराच्या पाण्याला वाजतगाजत निघणाऱ्या स्त्रिया परत आल्या कीं, पदर खोंचून पुनः चुलीपाशीं बसत.

सणाच्या जेवणास जी गोडी असे, तिचें एक कारण उपवास हेंहि होतें. पूर्वीं पवित्र कम्युनियन घेणारास मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे. १९५३ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं पाण्याची मोकळीक दिली, १९५७ सालीं अन्नासाठीं तीन तासांची मर्यादा घातली, आणि १९६४ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं ती एका तासावर आणिली. पूर्वीच्या काळीं मिस्सा आटोपून घरीं आलेलीं लहानथोर माणसें खरोखर भुकेलेलीं असत. देवाच्या मेजावरून उठून घरच्या पाटावर बसावयाचें, ह्या दोहोंचा संबंध त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अडचणीचे दिवसहि आले. महायुद्धाच्या काळांत, मे १९४३ पासून मुंबईंत धान्य शिधापत्रिकेवर मिळूं लागलें. मापून मिळालेल्या तांदुळांत पाहुण्यांची पंगत उठविणें म्हणजे घरच्यांनीं आपला घांस कमी करणें होतें. पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें ताडीवर बंधन आलें. कायद्याचा रोख मद्यपानावर होता, परंतु त्याची झळ फुग्यांच्या पिठासहि लागली, आणि ताडीची जागा बाजारच्या यीस्टनें घेतली. तरीहि नाताळांत शेजाऱ्याकडे फराळाचें ताट जाणें थांबलें नाहीं, आणि दिवाळींत शेजाऱ्याकडून तें आमच्याकडे येणेंहि थांबलें नाहीं. आलेलें ताट रिकामें परत पाठवूं नये, हा नियम कोणत्याहि जाहीरनाम्यानें घातलेला नव्हता.

येथवर भूषणाची गोष्ट झाली. आतां दूषणाची. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत प्रभुभोजनाचा जो उपदेश आहे, तो एका बिघडलेल्या पंगतीमुळें करावा लागला. त्या मंडळींत कोणी आपलें जेवण आधींच उरकून घेत, आणि गरीब उपाशी राहत. एकमेकांसाठीं थांबा, असें पौलानें त्यांस बजाविलें. आम्ही हा उतारा वर्षानुवर्षें ऐकत आलों. आमच्या घरांत त्याचा अर्थ उतरला काय? बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतरहि जातीचा भेद ह्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं पंगतींत येऊन बसला, ही गोष्ट नाकारतां येणार नाहीं. आणि ज्या बाईनें पहांटे उठून चूल पेटविली, तिनें पुरुष उठल्यावर, मुलें उठल्यावर, भांड्याच्या तळाशीं उरलेलें खावें, ही रीत तर आम्हीं जातपात न पाहतां सर्व घरांत सारखीच पाळली! पाहुण्यांनीं कालवणाची स्तुति केली ती घरधन्याजवळ. आंत तिनें काय खाल्लें हें कोणीं विचारलें नाहीं. आम्हीं स्वतःहि लहानपणापासून त्या पंगतींत आधीं बसत आलों आहों, म्हणून हा दोष दुसऱ्यावर ढकलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

आज दिवस बदलले आहेत. मोठ्या समारंभांत स्वयंपाकाचा मक्ता देण्याची चाल पडली आहे, बाटलीचा मसाला विकत मिळतो, आणि श्रम हलके झाले हें चांगलेंच झालें. परंतु मुठीचें व चिमटीचें प्रमाण जाणणाऱ्या माउल्या एकामागून एक देवाघरीं जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर एकेका घराची चव जात आहे. दगडी देऊळ पडलें तर तें पुनः बांधतां येईल. तें प्रमाण एकदां गेलें म्हणजे गेलें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमची दोनच नम्र मागणीं आहेत. पहिलें, प्रत्येक कुटुंबांतील शिकलेल्या मुलामुलींनीं आपल्या आजीपाशीं बसून, ती हातानें घालील तें वजनानें मोजून, वहींत उतरून घ्यावें, आणि वर तिचें नांव लिहावें. दुसरें, महोत्सवाच्या दिवशीं देवळाच्या आवारांत जी पंगत बसेल, तींत पहिल्या पानावर रांधणाऱ्यांस बसवावें व वाढण्याचें काम आम्हां पुरुषांनीं करावें. आमच्या हातून कालवण थोडें सांडेल. तेवढें त्या चालवून घेतील, असा आम्हांस भरंवसा आहे.